मुद्दा, बगल, अंग

त्यांच्या घरी पोहे खायचे असतील तर एक नियम पाळावा लागे. वाक्याची सुरुवात ‘तुम्ही’ने करायची नाही. केली की टेबलावरची घंटा वाजे.

घंटा म्हणजे सायकलची जुनी घंटी. जुन्या बाजारातून आणून त्यांनी ती लाकडी ठोकळ्यावर चार स्क्रूंनी बसवली होती. त्यातला एक स्क्रू वाकडा होता. मी तसं म्हटल्यावर आमचा अर्धा तास वाद झाला आणि त्या अर्ध्या तासात घंटा सात वेळा वाजली. सातही वेळा माझ्यासाठी.

“तुम्ही स्क्रू वाकडा बसवलाय.” टिंग.

“बरं, स्क्रू वाकडा बसलाय.”

“हां, हा मुद्दा झाला. आता बोला, शेजारी.”

ते मला शेजारीच म्हणत. न्युरेम्बर्गला एकाच इमारतीत आम्ही नऊ वर्षं काढली, ते तिसऱ्या मजल्यावर आणि आम्ही दुसऱ्या. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. नोकरी एका विजेची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत, सुरक्षा-चाचण्यांच्या विभागात. दिवसभर यंत्रं कुठे बिघडतात ते नोंदवायचं आणि घरी आल्यावर माणसं कुठे बिघडतात ते.

त्यासाठी एक वही होती. चौकटींच्या कागदाची, आडवी. तिच्यात तीन रकाने: मुद्दा, बगल, अंग. विचारलं त्याचं उत्तर दिलं की मुद्दा. विचारलं एक आणि सांगितलं दुसरं, की बगल. प्रश्न सोडून माणूस विचारणाऱ्याच्या अंगावर गेला, की अंग. ‘तुम्ही’ने सुरू होणारं वाक्य नव्वद टक्के वेळा अंगावरच जातं, असं त्यांचं म्हणणं. मी महिनाभर मोजून पाहिलं. नव्वद नाही, पण आमच्या घरात तरी पाऊणशेच्या वर नक्की.

ही पद्धत त्यांनी एखाद्याच ठिकाणी वापरली असती तर मी तक्रार केली नसती. पण ते सगळीकडे वापरत. इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत, डॉक्टरकडे, स्वतःच्या बायकोवर.

“तुम्ही नेहमी ओल्या चपला गालिच्यावर...” वहिनी म्हणत.

टिंग. “‘तुम्ही’ आणि ‘नेहमी’. दोन्ही एकाच वाक्यात. अगं, यात चपला कुठे आहेत?”

“गालिच्यावर!” वहिनी म्हणत आणि उठून चपला उचलत. चपला उचलल्या जात, मुद्दा राही.

एकदा चौथ्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी जिन्यात चिठ्ठी लावली: कुणीतरी कागदाच्या डब्यात प्लास्टिक टाकतं, कृपया टाकू नये. इमारतीत प्रत्येकाला वाटलं चिठ्ठी आपल्यावरच आहे. आम्हाला तर खात्रीच होती. हे मात्र चिठ्ठीसमोर उभे राहून खूश. “बघा शेजारी. नाव नाही, मजला नाही, देश नाही. शुद्ध मुद्दा!” मग वर जाऊन त्यांनी आजींचं अभिनंदन केलं. अभिनंदन म्हणजे दारात उभं राहून तीन वेळा “गेनाऊ” म्हटलं. बाकीचं मला बोलवून माझ्याकडून वदवून घेतलं.

हे त्यांचं दुसरं विचित्रपण. जर्मनीत एकवीस वर्षं झाली होती. सरकारी कार्यालयातून आलेलं चार पानी पत्र ते मला समजावून सांगत. बातम्या जर्मनमध्येच ऐकत आणि निवेदकाचे शब्द पकडून हसत. पण स्वतः जर्मन बोलायचे नाहीत. ऑफिसात इंग्रजी, घरी मराठी आणि बाकी सर्व जर्मन जनतेसाठी एक ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’. तो वेगवेगळ्या सुरांत वापरून ते बेकरीपासून पोलिसांपर्यंत सर्व निभावत. निभलं नाही की खालच्या मजल्यावर माझं दार वाजे. त्यांच्या दातांच्या डॉक्टरकडे मी सहा वेळा गेलो आहे. माझ्या स्वतःच्या दातांसाठी चार वेळा.

“अहो, इतकं समजतं तर बोलत का नाही?” मी एकदा विचारलं.

“दात दुखतोय,” ते म्हणाले. ही बगल होती. मी तसं म्हटलं. त्यांनी प्रामाणिकपणे वहीत स्वतःच्या नावावर एक रेघ ओढली.

सोळा साली अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक लागली आणि या माणसाला चार वर्षांतून एकदा येणारा सण आला. दोन उमेदवारांच्या वादफेऱ्या होणार होत्या. इकडे तेव्हा पहाट असते, म्हणून ते रेकॉर्ड करून ठेवत आणि शनिवारी सकाळी दहा वाजता आम्हाला पोह्यांना बोलावत. शनिवारपर्यंत निकाल कानावर पडू नये म्हणून कँटीनमध्ये कानात कापूस घालून बसत. त्या आठवड्यात कार्यालयातला धोक्याचा सराव-भोंगा वाजला आणि सुरक्षा विभागातला हा एकटाच माणूस जागेवर बसून राहिला, असं त्यांचे सहकारी सांगत. मी तिथे नव्हतो, म्हणून खात्री देत नाही.

वादफेरी दीड तासाची. आम्हाला ती पाहायला साडेचार तास लागत, कारण प्रत्येक वाक्यानंतर ते चित्र थांबवत.

“शेजारी, नोंद काय करणार?”

“बगल.”

“चूक. बगल देऊन परत येताना कोपर मारलंय. बघा, परत लावतो.”

दुपारी एक वाजता इमारतीत शांततेची वेळ सुरू होई. मग घंटेवर ते पोह्यांचा रुमाल घालत आणि ती ‘टिंग’ऐवजी ‘ठप्’ वाजे. एका शनिवारी ती इतकी वाजली की माझी बायको घरी येऊन म्हणाली, “माझ्या डोक्यात कुणीतरी नारळ फोडतंय.”

खरं तर त्या वर्षी पाहण्यासारखा वाद फारसा नव्हताच. कराचा प्रश्न विचारला की उत्तर समोरच्याच्या स्वभावावर. परराष्ट्र धोरण विचारलं की समोरच्याच्या तब्येतीवर. अंगाचा रकाना पान संपण्याआधी संपे आणि समासात जाई. मला वाटलं, हे वैतागतील. पण ते गप्प होत गेले. दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी वहीत चौथा रकाना आखला: टाळी. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवू नयेत असं निवेदक सांगत असताना लोक कुठे टाळी किंवा हशा देतात, त्याची नोंद.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. “शेजारी, आकड्यांचे तुम्ही पक्के. बेरीज तपासा.”

मी दोनदा तपासली. बेरीज बरोबर होती. टाळ्या जवळजवळ सगळ्या अंगाच्या रकान्यासमोर होत्या. मुद्द्यासमोर दोन.

“बघितलंत?” ते म्हणाले. ‘तुम्ही’ त्यात लपलेलं होतं, पण मी घंटा वाजवली नाही. ते हसत नव्हते.

मग त्यांनी एक जुनी गोष्ट सांगितली. कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेची अंतिम फेरी. विषय देशाची अर्थव्यवस्था. यांच्याकडे एकोणीस मुद्दे. समोरचा मुलगा उठला आणि म्हणाला, “ज्यांच्या पँटला ठिगळ आहे, ते देशाच्या अर्थव्यवस्थेला ठिगळ लावायला निघालेत.” सभागृह हसलं. पँटला ठिगळ होतंच.

“बक्षीस गेल्याचं काही नाही,” ते म्हणाले. “पण त्यानंतर मला एकोणिसातला एकही मुद्दा आठवेना. एकही नाही.” आणि थोडं थांबून, “वाक्य मात्र चांगलं होतं.”

त्याच हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळाची रीतसर नोंदणी झाली. इथे नोंदणीकृत संस्थेला, म्हणजे फेराइनला, लेखी नियम लागतात, सभा लागते, मतदान लागतं. तोवर मंडळ म्हणजे गणपती, दिवाळी आणि डबे कुणाचे राहिले यावरची चर्चा. आता अध्यक्ष निवडायचा होता. मी अर्ज भरला. मला पदाची हौस नव्हती. मला शनिवारचे दोन तास हवे होते.

माझी मुलगी सई तेव्हा तेरा वर्षांची. इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजायचं, उत्तर जर्मनमध्ये. मी विचारायचो, “जेवलीस का?” ती म्हणायची, “हाब शोन,” म्हणजे ‘झालंय’. असा आमचा संसार चालला होता. त्या वर्षी माझ्या आईशी फोनवर बोलताना ती अडली, आजी पलीकडे ‘हॅलो, हॅलो’ करत राहिली आणि सईने फोन माझ्या हातात दिला. दोन दिवसांनी स्वतःहून म्हणाली (जर्मनमध्येच) की मराठीचा वर्ग असेल तर मी जाऊन बघेन. मंडळ चर्चचं सभागृह भाड्याने घेई. त्यातले शनिवारचे दोन तास मुलांच्या मराठी वर्गाला मिळावेत, एवढाच माझा जाहीरनामा. एक ओळीचा.

अर्ज एकच आला होता. म्हणजे निवड बिनविरोध. संध्याकाळी ते खाली आले.

“शेजारी, मी तुमच्याविरुद्ध उभा राहतोय.”

“का? तुम्हाला वर्ग नको आहे?” टिंग. घंटा खिशात घालून आणली होती.

“मला वर्ग हवाच आहे. पण बिनविरोध म्हणजे वाद नाही आणि वाद नाही म्हणजे मुद्दा तपासला गेला नाही. न तपासलेलं उपकरण आम्ही कारखान्याबाहेर सोडत नाही. मी ‘वर्ग नको, नाटकाच्या तालमी हव्यात’ अशी बाजू घेतो.”

“अहो, पण नाटक करतंय कोण?”

“तो पुढचा मुद्दा,” असं म्हणून ते वर गेले. माझी बायको म्हणाली, “या माणसाला एखादा कुत्रा आणून द्या. फिरवत तरी बसेल.”

सभेला पंचावन्न सभासद आले. मुलंही होती, सई तिसऱ्या रांगेत माझ्या बायकोशेजारी. व्यासपीठावर आम्ही दोघे आणि मध्ये टेबलावर घंटा. घंटेशी वहिनींना बसवलं होतं. अंगावरचं वाक्य आलं की वाजवायचं, हे काम त्यांच्याइतकं कुणाला येणार? अकरा वर्षं त्यांच्यावरच सराव झाला होता.

मी तयारी करून गेलो होतो. सभासदांची मुलं किती, कोणत्या वयाची, सभागृह किती शनिवार रिकामं असतं, सगळं कागदावर. मी एकेक आकडा सांगत गेलो. लोक ऐकत होते. मग ते नाटकाच्या बाजूने बोलले. नाटकाला नट नाही, लेखक नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. मागून कुणीतरी म्हणालं, “काका, राजा तुम्हीच व्हा आणि प्रधान पण तुम्हीच!” लोक हसले. ते हरत होते. त्यांना ते कळत होतं, मला बाजूने दिसत होतं. हरायलाच तर उभे राहिले होते! शांतपणे हरले असते तर आम्ही दोघे घरी जाऊन पोहे खाल्ले असते.

शेवटच्या मिनिटाला ते उठले, कागद खाली ठेवला आणि म्हणाले:

“ज्यांच्या घरात मराठीला जर्मनमध्ये उत्तर मिळतं, ते मंडळाला मराठी शिकवायला निघालेत.”

‘निघालेत’ ऐकलं आणि मला ठिगळ आठवलं.

सभागृह हसलं. मोठ्याने, मनापासून, आणि मग टाळ्या. चौथा रकाना. मी वहिनींकडे पाहिलं. ते स्वतःही वहिनींकडे पाहत होते, आता वाजेल म्हणून, मान थोडी खाली घालून, जसा माणूस इंजेक्शनची वाट बघतो. वहिनींचा हात घंटेवर होता. त्यांनी घंटा वाजवली नाही.

मला उत्तरासाठी एक मिनिट होतं. कागदावर चौदा आकडे होते. मला त्यातला एकही वाचता आला नाही.

मतं पडली: त्यांना एकतीस, मला चोवीस. मी मोजणी पुन्हा करायला लावली नाही, पण मनात केली. बरोबर होती.

घरी जाताना भुयारी गाडीत सई काचेकडे तोंड करून उभी होती. दोन स्थानकं गेल्यावर म्हणाली, “इश कोमं निश्ट मेअर.” मी यापुढे येणार नाही. बायकोने तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिने झटकला नाही, एवढंच.

आता या माणसाचा वैताग बघा. अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच बैठकीत त्यांनी काय ठराव मांडला? शनिवारचे दोन तास, मुलांचा मराठी वर्ग. एकमताने मंजूर. माझाच जाहीरनामा, शब्दशः. वर्ग सुरू झाला, सतरा मुलं आली. सई आली नाही. सभेत लोकांनी वळून जिला शोधलं, ती मुलगी आता त्याच सभागृहात जाऊन ‘ळ’ म्हणून दाखवणार होती का?

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात भेटले की ‘हॅलो’. ते “शेजारी...” म्हणत आणि मी किल्ली शोधत असे. दातांच्या डॉक्टरकडे ते एकटे जाऊन आले आणि चुकीच्या दाताला ‘गेनाऊ’ म्हणून आले, असं वहिनींकडून कळलं. मला वाईट वाटलं नाही. खरं सांगतो, थोडं बरंच वाटलं.

वहिनी एकदा वाटीभर लोणचं घेऊन आल्या, तेव्हा मी विचारलं, “वहिनी, त्या दिवशी घंटा का नाही वाजवली?”

“ह्यांनीही तेच विचारलं घरी आल्याआल्या,” त्या म्हणाल्या. “मी सांगितलं, वाजवली असती तर उरलेल्यांनीही मान वळवून पोरीकडेच बघितलं असतं. तुमचं अंग म्हणजे फक्त समोर उभ्या असलेल्याचं असतं होय?”

“मग?”

“मग काही नाही. वही काढून बसले. कोणत्या रकान्यात घालायचं ते कळेना म्हणाले. अजून कळलेलं नाही.”

लोणचं आलं त्याच्या चौथ्या दिवशी आमच्या पेटीत पत्र आलं. वरच्या मजल्यावरून टपालाने. इथे कुणाकडे जायचं तर वेळ ठरवून जातात, म्हणून त्यांनी रीतसर वेळ मागितली होती. माझी नाही, सईची. शनिवार, सकाळी दहा.

सई म्हणाली, येऊ देत. मी म्हटलं, मी शेजारी बसणार.

ते आले. हातात वही आणि घंटा. सईसमोर बसले आणि घंटा तिच्या बाजूला सरकवली. मग मराठीत म्हणाले, “त्या दिवशीचं वाक्य चांगलं नव्हतं. मला आधी वाटलं होतं, चांगलं आहे.”

सईने जर्मनमध्ये विचारलं, “तुम्ही माझ्याबद्दल का बोललात? मी निवडणुकीला उभी नव्हते.”

“नव्हतीस,” ते म्हणाले.

तिने जर्मनमध्ये आणखी बरंच विचारलं, भराभर, माझ्याशी बोलते त्याहून भराभर. त्यांनी प्रत्येकाचं उत्तर मराठीत दिलं. दहा-पंधरा मिनिटं हे चाललं. ना ती एका शब्दाला अडली, ना ते. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, “पण तुम्हाला तर सगळं समजतंय. मग तुम्ही मला जर्मनमध्ये उत्तर का देत नाही?”

हा प्रश्न मी इतक्या वर्षांत एकदा विचारला होता आणि मला दात मिळाला होता.

त्यांनी घंटेचा वाकडा स्क्रू नखाने खरवडला. मग म्हणाले, “समजतं तेव्हा मी चोपन्न वर्षांचा असतो. बोलायला लागलो की सहा वर्षांचा होतो. लोक हसले नाहीत तरी मला ऐकू येतं.”

सई अगदी हळू म्हणाली, “इश आउख.”

मी पण.

मी उठून पोहे करायला गेलो. मला करता येत नाहीत, तरी गेलो.

सई वर्गाला कधीच गेली नाही, हे सांगायला हवं. पण एक शनिवार आड ते आमच्याकडे येऊ लागले. कारण काय, तर तिने त्यांचं जर्मन सुधारायचं. दोन वर्षं आले. प्लास्टिकच्या पिशव्या, शाळेतले मोबाइल, माझा जुनेपणा, असे विषय. ती जर्मनमध्ये, ते मराठीत, मध्ये घंटा. त्यांचं जर्मन एका शब्दानेही सुधारलं नाही. सई घरात म्हणायला लागली, “बाबा, बगल.” आजीला फोनवर एकदा म्हणाली, “आजी, मुद्दा?” आजी म्हणाली, काही मुद्दा नाही गं, सहजच केला. मी वैतागलेलाच होतो. शनिवारची सगळी सकाळ जाई आणि घंटा निम्म्या वेळा माझ्यावरच वाजे. मी तर वादातही नसे.

मग त्यांची बदली गेर्लिंगेनला झाली. सामान गेलं, त्या शनिवारी दोघे निरोपाला आले. वहिनी माझ्या बायकोशी स्वयंपाकघरात. ते टेबलाशी, वही उघडून, सवयीने. सईने घंटा त्यांच्या पुढ्यात ठेवली. मला वाटलं, परत देतेय.

ती म्हणाली, “काका, तुम्ही तेव्हा चूक होता.”

मराठीत. ‘चुकलात’ म्हणायला हवं होतं, पण कुणी दुरुस्त केलं नाही. कान लाल झाले होते तिचे. बोलून झाल्यावर ती त्यांच्याकडे बघत राहिली, हसतात का ते बघत.

वाक्यात ‘तुम्ही’ होतं. त्यांचा हात घंटेकडे गेला, वरच थांबला आणि मागे आला. त्यांनी चष्मा पुसला, वही जवळ ओढली आणि पहिल्या रकान्यात एक रेघ काढली.

“मुद्दा,” ते म्हणाले.